देवाची मूठ

स्वच्छतेच्या बाबतीत जयमाला साळवेचा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. वाशीतल्या सिडकोच्या बैठ्या घरात तिची भांडी अशी लखलखत की वाटीभर साखर मागायला आलेली शेजारीणसुद्धा आधी मांडणीकडे बघे. नवरा अरविंद तुर्भ्याच्या एका रंगाच्या कंपनीत फिटर होता. मुलगी सुवार्ता आठ वर्षांची. घराणं तिसऱ्या पिढीचं ख्रिस्ती, नगरकडच्या मिशनच्या आवारात वाढलेलं. ही तिसरी पिढीही जयमाला बोलण्यात कुठे ना कुठे आणायचीच.

या घराण्याची एक रीत होती. चूल पेटवायच्या आधी, घरचं माप घ्यायच्याही आधी, एक मूठ धान्य देवाचं म्हणून बाजूला काढायचं. मूठ काढायची ती घरातल्या सगळ्यात लहान हातानं, आणि काढताना डोळे मिटून म्हणायचं, "बापा, तुझं तुला आधी." जयमाला लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, पुतळाबाईनं, दागिना दाखवावा तसं तिला मुठीचं मडकं दाखवलं होतं. मरताना घर, शेत, लेक यांच्याबद्दल काहीही न बोलता म्हातारीनं सुनेला एवढंच सांगितलं की मूठ मोडू देऊ नको. जयमालानं मोडू दिली नव्हती. वाशीला येऊन मडक्याचा डालड्याचा डबा झाला, पण सुवार्ता चार वर्षांची झाल्यापासून रोज न चुकता मूठ काढत होती. आपण लेकीला काय दिलं असं कुणी विचारलं असतं तर जयमालानं पहिल्यांदा हेच सांगितलं असतं.

त्यांची चर्चची मंडळी लहान, जेमतेम बावीस घरांची. तुर्भ्यातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रविवारची उपासना होई. बाकांना अजून जुन्या आमटीचा वास येत असे. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरोघरची मुलं आपापला डबा घेऊन रांगेनं पुढे येत आणि गाणं चालू असताना सगळं एकाच पोत्यात ओतत. कुणी किती दिलं, कसं दिलं हे कुणाला कळू नये म्हणून पोतं एकच. मोठी माणसं बाकांवर बसून आपल्या लेकरांकडे कौतुकानं बघत. ते पोतं मग पाळकांच्या, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंच्या घरी जाई. पाळक धर्मराज शिनगारे, त्यांची बायको केशरबाई आणि तीन मुलं तुर्भे गावात एका आगरी मालकाच्या पडवीत भाड्यानं राहत आणि महिनाभर तेच खात.

त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात केशरबाईला टायफॉइड झाला. जयमाला महिला मंडळाची सेक्रेटरी, तेव्हा स्वयंपाकाला तीच गेली. पदर खोचून तिनं भातासाठी पोत्यात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. हाताला जाळी चिकटली होती. त्या जाळीत दहा-वीस दाणे एकमेकांना धरून लोंबत होते आणि मधून एक पांढरी अळी डोकं काढून चाचपत होती. मनगटावरून टोके, धान्यातले काळे किडे, चढायला लागले. वास असा कुबट की तिनं नाकाला पदर लावला. उजेडात पोतं थोडं ओतून पाहिलं तर टोके, भुसा, उंदराच्या लेंड्या आणि कचकच खडे. धड तांदूळ शोधावा लागत होता.

पाळकांची थोरली मुलगी शांतपणे सूप घेऊन आली. तिनं जयमालाला समजावून सांगितलं की आधी उन्हात पसरायचं, म्हणजे टोके आपोआप पळतात, मग पाखडायचं, मग खडे वेचायचे, मग तीन पाण्यांनी धुवायचं. तिघं भावंडं रोज शाळेतून आल्यावर हेच करतात. हे सगळं ती अशा सुरात सांगत होती की जणू सगळ्याच घरांत भात असाच होतो. आतल्या खाटेवरून केशरबाईनं हाक मारली, "ताई, पाखडला की निम्मा निघतो चांगला. कुणाला बोलू नका."

कुणाला बोलू नका! जयमाला पदराला हात पुसत राहिली. किड्यांचं काही नव्हतं, ती खेड्यातच वाढलेली. किळस आली ती रविवारच्या आठवणीनं. इस्त्रीचे फ्रॉक, रिबिनी, तोंडात गाणं, आणि हातातल्या डब्यात ही घाण. घरात जे कोंबडीपुढे टाकायचं ते देवापुढे ओतायचं आणि बाकावर बसून डोळे पुसायचे! या लोकांबरोबर आपण एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतो, या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी महिला मंडळाची बैठक होती. जयमालानं एका कागदात थोडे किडे आणि खडे बांधून नेले होते. ते तिनं टेबलावर ओतले आणि पंधरा मिनिटं बोलली. चांगलं बोलली. सासूची आठवण काढली, तिसरी पिढी काढली. बायका खाली मान घालून ऐकत होत्या, आणि खाली मान घातलेली बाई काही वेळानं दुसऱ्या कुणाकडे तरी बघू लागते. कुणीतरी हळूच म्हटलं, एवढे खडे आपल्यापैकी कुणाच्या घरात असणार? सगळ्यांच्या नजरा मागच्या बाकाकडे वळल्या.

तिथे गोजरा बसली होती. बीडकडून आलेली विधवा, तुर्भ्याच्या खाणीवर खडी फोडायला जायची. दोन वर्षांपूर्वी तिचा बाप्तिस्मा झाला होता. डबा ती स्वतःच घेऊन मुलांच्या रांगेत उभी राहायची, कारण घरात लहान हात नव्हता. मुलं तिला हसायची आणि मोठी माणसं त्यांना गप्प करत नसत. जयमालाला त्या क्षणी सगळा हिशेब जुळल्यासारखा वाटला. खाण, खडी, खडे. ती उभ्या उभ्या म्हणाली, "गोजराबाई, नसेल तर देऊ नका, कुणी मागत नाही. पण देवापुढे किडे ओतू नका."

 गोजरानं आपल्या हातांकडे एकदा पाहिलं, उठली आणि निघून गेली. बैठकीत केवढा तरी मोकळेपणा आला. चहा झाला, नाताळच्या करंज्यांचं बोलणं झालं, एकीनं तर सेक्रेटरी असावी तर अशी असंही म्हटलं. जयमालाला ते आवडलं. पुढच्या रविवारी गोजरा आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी आली नाही. कुणी विचारायला गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मागचा बाक रिकामा असलेला कुणाला खुपलाही नाही.

ऑक्टोबरचा पहिला रविवार आला. एकवीस डबे पोत्यात रिकामे झाले. केशरबाई आता उठून बसायला लागली होती, तिच्यासाठी पेज करावी म्हणून जयमाला पोत्याबरोबरच गेली आणि मोठ्या तोऱ्यात पोतं सोडलं. तीच जाळी. तेच टोके. खडेसुद्धा तेवढेच. थोरल्या मुलीनं सूप आणून दिलं.

जयमाला घरी परतली ती रागानं फणफणत. म्हणजे या सगळ्याच तसल्या! एकजात सगळ्या! वाटेत बसमध्ये ती एकेका घराचं नाव घेत होती आणि कुणाचा डबा कसा असेल ते ठरवत होती. वीस घरं तिच्या मनातून उतरली. घरी येऊन तिनं सुवार्ताला हाक मारली. निदान आपल्या घरची मूठ डोळ्यांनी बघावी, मन निवावं, एवढाच हेतू होता.

सुवार्ता हात धुऊन आली. ओट्यावर कोलमचा पत्र्याचा डबा होता, घरच्या भाताचा. ती त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली, वाकली आणि ओट्याखालच्या गोणपाटात हात घातला. तिथे रेशनचा तांदूळ होता. तो परसातल्या कोंबड्यांना घालायला आणि सुती साड्यांच्या खळीला. पोरीनं डोळे मिटले, म्हटलं, "बापा, तुझं तुला आधी." मूठ गच्च भरलेली होती, तिनं हात जराही आखडला नव्हता. बोटांवर एक टोका चढला होता, तो तिनं फुंकरीनं उडवला आणि मूठ डालड्याच्या डब्यात सोडली.

जयमालानं पोरीचं मनगट धरलं. मग तिनं विचारलं, हा तांदूळ का घेतलास? सुवार्ताला प्रश्नच कळेना. "तूच सांगितलंस ना," ती म्हणाली. "वरचा आपला, खालचा देवाचा."

असं आपण कधीही सांगितलेलं नाही, असं जयमाला म्हणणार होती. पण तेवढ्यात आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा नाताळ. नगरहून अकरा पाहुणे आले होते, कोलम संपत आला होता, पुलाव कमी पडला असता तर अब्रू गेली असती. ती पोरीला घाईघाईत म्हणाली होती, आजच्या दिवस देवाला खालचा घाल. आजच्या दिवस! दुसऱ्या दिवशी काय घालायचं ते सांगायचं राहून गेलं होतं. गुणी पोर, एकदा सांगितलेलं विसरत नाही. दोन वर्षं, दोन्ही वेळ, हात धुऊन, डोळे मिटून, तिनं देवाला किडे दिले होते, आणि मूठ चालू आहे म्हणून आई गावभर मिरवत होती. डब्याचं झाकण उघडून बघायची तिला एकदाही गरज वाटली नव्हती. चकचकीत भांड्यांची बाई! जयमाला मोरीपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात घासून धूत राहिली. 

संध्याकाळी अरविंदला सांगितलं. तो सरळ माणूस. म्हणाला, उद्यापासून वरचा घालायला लाव, झालं. पोतं एकच आहे, कुणाला कळतंय? हे ऐकून तिला त्याची किळस आली, आणि लगेच स्वतःची त्याहून जास्त, कारण मोरीपाशी उभी असताना हाच विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुवार्ताला घेऊन ती खाणीजवळच्या वस्तीत गेली. पोरीनं बघावं, आईला माफी मागता येते हे तरी तिनं शिकावं, असं तिनं ठरवलं होतं. त्यातही थोडी ऐट होतीच, पण ती तिला अजून दिसत नव्हती. ट्रकांनी उडवलेली पांढरी धूळ झोपड्यांवर बसली होती. गोजरा नुकतीच कामावरून येऊन चूल पेटवत होती. तिनं दोघींना आत घेतलं, बसायला पाट दिला, पाणी दिलं. चुलीशी परातीत ज्वारीचं पीठ होतं. जयमालानं सगळं सांगितलं. ऑक्टोबरचं पोतं, आपली मूठ, आपली चूक. शेवटी हात जोडून म्हणाली की मला क्षमा करा.

गोजरानं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. "म्हनताना चारचौघीत म्हनलाव," ती म्हणाली. "माफी मागाय गुपचूप आलाव."

जयमालाचा चेहरा उतरला. रविवारी सगळ्यांसमोर सांगेन, असं ती पुटपुटली.  गोजरानं भाकरी तव्यावर टाकली आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाली की मी आले नाही तरी मूठ काढायची सोडलेली नाही. हप्ता मिळाला की वाण्याकडून किलोभर चांगला तांदूळ ती मुठीसाठीच आणते. स्वतः ज्वारी खाते, आणि ज्वारीच बरी लागते, असंही ती म्हणाली.

 गोजरा रविवारी रांगेत आणायची तो डबा फळीवर सुवार्ताच्या हाताशी होता. तिनं झाकण काढलं आणि आत बोटं घातली. तांदूळ लांब, पांढरा, निवडलेला होता. तिनं थोडा तळहातावर घेऊन उजेडात नीट पाहिला, वासही घेतला, आणि मग खरोखरच न कळल्यासारखं आईला विचारलं, "आई, हा तर वरचा तांदूळ आहे. हा चुकून देवाच्या डब्यात पडला का?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. गोजरानं ती उलटली नाही. मागे वळून तिनं आधी मुलीकडे आणि मग जयमालाकडे पाहिलं.

"सांगा की बाई," ती म्हणाली. "पोरगी इचारती."