स्वतःच्या हाताने

“‘प्रत्येक सांधा मी माझ्या स्वतःच्या हाताने जोडीन. इतर कोणाच्याही हातचा सांधा या करारात चालणार नाही.’” वकिलाने कलम मोठ्याने वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला. “दाजी, हा करार आहे की शपथविधी?”

“वाचून कळतंय ना? मग झालं तर.”

“कळतंय, तीच तर पंचाईत आहे. मी लिहिला असता तर एवढं धडधडीत कळलं नसतं, आणि आज कुठून तरी वाट निघाली असती.”

वकील हा काचवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. काचवाला प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणे बनवी आणि त्यांचे करार स्वतःच लिही. वकिलावाचून आपले अडत नाही, हे मत त्याने अनुभवावर बेतले होते: आजवर त्याचा एकही करार मोडला नव्हता. वास्तविक यावरून करार चांगले होते असे सिद्ध होत नाही. त्यांच्यावर कधी भार आला नव्हता, एवढेच सिद्ध होते. काचेच्या बाबतीत हा फरक त्याला पक्का ठाऊक होता. कागदाला तो लावून पाहावा, हे मात्र त्याला सुचले नव्हते.

कलमाला कारण होते. शहरातल्या दुसऱ्या एका कारखान्याने शिकाऊ माणसांचे काम उस्तादाच्या नावावर खपवले आणि एका प्रयोगशाळेत ऐन उकळीला भांडे तडकले. ती प्रयोगशाळा मग काचवाल्याकडे आली. त्याने त्याच दिवशी अभिमानाने हे वाक्य लिहिले आणि पुढे दर नूतनीकरणात जसेच्या तसे उतरवले. आपला हात हा बदलणारा घटक आहे, हे त्याने गृहीतच धरले नव्हते.

आता उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि आशा दिली नव्हती. प्रयोगशाळेची नवी मागणी येऊन पडली होती: दुहेरी भिंतीच्या नळ्या, आतून वाफ जाणार आणि बाहेरून थंड पाणी. मुलगी हे काम उत्तम करी. पण करारात तिचा हात चालत नव्हता. या एका प्रयोगशाळेवर कारखाना उभा होता. ती गेली तर मुलीला शिकवलेली विद्या वापरायला बर्नरही उरणार नव्हता.

“मामा, सरळ लिहा ना, ‘कारखान्यातील कोणीही’,” मुलगी म्हणाली. ती नेहमीप्रमाणे उभ्यानेच काम करत होती. फिरकीचे स्टूल वडिलांच्या उंचीला लावलेले होते आणि त्याला हात लावायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

“‘कोणीही’?” काचवाला उसळला. “उद्या रस्त्यावरचा कोणीही धरून आणाल!”

“बाबा, मी रस्त्यावरची आहे का?”

“तुझं नाही गं म्हणत मी.”

“मग तिचं नाव घालतो,” वकील म्हणाला. “उद्या तिचंही मनगट मुरगळलं की पुन्हा मलाच बोलवा. माझं काय, चहा मिळतोय. दाजी, एक सांगा. गिऱ्हाइकाला तुमचा हात हवाय, की न तडकणारा सांधा?”

काचवाल्याने बर्नरची ज्योत उगाचच बारीक केली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख दुपारी आल्या. वकिलाने प्रस्तावना सुरू केली, तेव्हा काचवाल्याने त्याला थांबवले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. हात काय करतो हे त्यांना दिसले.

“मॅडम, यापुढे सांधे मुलगी जोडेल. करारात ते बसत नाही.”

त्यांनी कराराचा कागद स्वतःकडे ओढला. “खरं सांगू? त्या एका कलमावर आमचे लोक डोळे मिटून सह्या करायचे.”

“डोळे मिटूनच ना,” वकील पुटपुटला. भाचीने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

मुलीने आदल्या दिवशी जोडलेली आणि भट्टीत सावकाश थंड केलेली नळी पुढे ठेवली. कोपऱ्यात एक पेटी होती. तिच्या काचेतून पाहिले, की उपकरणात अडकून राहिलेला ताण रंगीत पट्ट्यांसारखा दिसे. ताण नसेल तर सगळे काळेभोर. प्रमुखांनी पाहिले. “मला काळंच दिसतंय.”

काचवाल्याने डोळा लावला. बराच वेळ त्याने नळी डाव्या हाताने फिरवली. एक शब्द बोलला असता तर काम पदरात पडले असते.

“खालच्या सांध्याला कडेने निळसर रेघ आहे. बारीक आहे, पण आहे. ही देता येणार नाही. पुन्हा भट्टीत घाल.”

मुलीने तोंड वाकडे केले, पेटीत पाहिले आणि मुकाट्याने नळी उचलली.

प्रमुख हसल्या. “मग असं लिहा: प्रत्येक नळी तुम्ही तपासून द्याल. मला चालेल.”

वकिलाने पेन उघडले. “‘काचवाले यांनी स्वतः...’”

“नको,” काचवाला म्हणाला. “पुन्हा माणूस नको घालूस त्यात. डोळेही म्हातारे होतात. लिही, की नळी पेटीत धरल्यावर रंग दिसता कामा नये. कोणीही बघावं. रंग दिसला, तर परत पाठवावी.”

“हे ‘कोणीही’ चालतं वाटतं?”

“हे चालतं.”

वकिलाने लिहिले. नंतर एकही शब्द न बदलता दोनदा वाचले. त्याच्या धंद्यात ही मोठीच दाद होती. प्रमुखांनी सही केली. दुसऱ्या सहीच्या जागेवर काचवाल्याने मुलीला बोट दाखवले आणि कागद तिच्याकडे सरकवला.

मंडळी गेल्यावर मुलीने बर्नर पेटवला आणि सवयीने उभी राहिली. काचवाला स्टुलाशी वाकला. फिरकी गंजून बसली होती. त्याने ती डाव्या हाताने सैल केली आणि बैठक तिच्या कमरेच्या अंदाजाने हळूहळू वर आणली. तळव्याने दाबून ती डुगडुगत नाही ना, हे पाहिले.

“बस आता,” तो म्हणाला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन टेकला.