वेळशेतची कुळवही

मी वेळशेत गावाची कुळवही बोलतेय. रायगडच्या खाडीकाठचं हे गाव मी कधी पाहिलेलं नाही. माझा मुक्काम कुवेतला, सालमियातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तरीही त्या गावातले एकशे बारा संसार माझ्या पोटात आहेत. कोण कोणाचा, कुणाची लेक कुठे दिली, कोण कधी वारलं, सगळं मला ठाऊक आहे. म्हणूनच मला आता बंद कपाटात ठेवलंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो इमारतीखालचा बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान. तिथे साबण आणि खुबूसच्या रोट्या यांच्यामध्ये मी पडून होते. मी अरबी लिहिणाऱ्यांसाठी बनवलेली, म्हणजे उजवीकडून उघडणारी. यूसुफचाचांनी मला घरी नेलं आणि मराठीत लिहायचं म्हणून शेवटच्या पानापासून सुरुवात केली. दुकानदाराच्या हिशेबानं जे माझं शेवटचं पान, तिथे वेळशेतचा पहिला माणूस बसला. मला त्याचं हसू आलं होतं. तेव्हा मला हसू येत असे.

यूसुफचाचा तीस वर्षं एका तेल कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांचा इंग्रज साहेब निवृत्त होऊन निघाला, तेव्हा त्याचं सामान बांधताना चाचांच्या हाती एक पुस्तक लागलं. साहेबाच्या खेड्याचा इतिहास. चर्चच्या दप्तरातून काढलेली तीनशे वर्षांची लग्नं, बारशी, मयती. कोण लोहार, कोण मेंढपाळ, कुणाला मेंढी चोरली म्हणून शिक्षा झाली, तेसुद्धा. "मेंढीचोराचं नावही ठेवलंय त्यांनी," चाचा बायकोला, असमाचाचीला, म्हणाले. "आपल्या गावात चांगल्या माणसाचं नाव तीन पिढ्या टिकत नाय." त्याच आठवड्यात मी विकत घेतली गेले.

चाचांनी माझ्यासाठी एक नियम केला. ऐकलेलं आधी पेन्सिलीनं लिहायचं. वेगवेगळ्या घरांतल्या दोन माणसांनी तीच गोष्ट सांगितली, तरच त्यावर शाई फिरवायची. दर शुक्रवारी नमाज झाली की मला पिशवीत घालून ते निघत. लोक चहा पाजत आणि पूर्वजांबद्दल भरभरून थापा मारत. ज्याला विचारावं त्याचा खापरपणजोबा नवाबाच्या दरबारी! मग गावात भांडी कोण घासत होतं, जाळी कोण ओढत होतं, असं विचारावंसं वाटे. माणसाला पूर्वज हवे असतात, पण भाजीसारखे निवडून. त्या थापा माझ्या अंगावर पेन्सिलीतच राहिल्या. मला त्या नियमाचा फार अभिमान होता.

एका शुक्रवारी आम्ही दूर वफ्राच्या शेतमळ्यांत गेलो. तिथे काकडीच्या ग्रीनहाऊसमध्ये मुबीन राबत होता. वेळशेतचाच, पण सालमियातल्या कुणाच्या जेवणावळीत कधी न दिसलेला. त्यानं हात धुतले, उलटा क्रेट पुसून चाचांना बसायला दिला. म्हणाला, "माजे आजे लाडूमियाँ. त्यांचे सख्खे भाव बाबामियाँ. दोघं खाडीवर होडी वल्हवायचे, लोकांना पार न्यायचे."

"बाबामियाँ? म्हणजे आपल्या साबीरभाईंचे आजोबा?" चाचांनी विचारलं.

"होय. पन ते आमाला वळखत नाय." मग तो चाचांसमोर उकिडवा बसला. "चाचा, माजा भाव तौफीक हितंच मेला, दोन सालांमागं. हितल्या वेळशेत मंडळाला फोन केला तर म्हनले, असा कोन आपल्या गावचा नाय. मातीला मी आनि तीन बांगलादेशी. माजा नाव पक्क्या शाईनं लिवा. उद्या मी मेलो तर गावची चार मानसं तरी येतील."

चाचांचे डोळे भरून आले. घरी येताच त्यांनी गावाला फोन लावला. नव्वदीच्या नूरबानू, घर वेगळं, मुबीनशी काही नातं नाही. त्या खणखणीत म्हणाल्या, "एकाच आयशीचे ते. त्यांच्या होडीतनंच मी लगीन होऊन आले." दुसरी साक्ष मिळाली. चाचांनी शाईनं लिहिलं: लाडूमियाँ, बाबामियाँ, सख्खे भाऊ, धंदा होडी. खाली एका बाजूला मुबीन आणि तौफीक, दुसऱ्या बाजूला साबीर. माझ्या सगळ्या पानांत ते पान मला सर्वांत खरं वाटे.

हे साबीरभाई म्हणजे वेळशेत मंडळाचे अध्यक्ष. माझं पुस्तक छापायचं ठरलं, तेव्हा ते मला चाळायला घरी आले. त्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"चाचा, हे काय? आमचं घर मशिदीजवळचं, खानदानी. आमच्यात होडी कोनी वल्हवली?"

"दोन साक्षी हायत, साबीरभाई."

साबीरभाईंनी मला हळूच मिटलं. आवाज चढवला नाही. चहाचा घोट घेऊन इतकंच विचारलं, "तुमचा इकामा कधी संपतो, चाचा?"

साठी उलटल्यावर चाचांचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहायचा परवाना, साबीरभाईंच्याच कंपनीवर होता. त्याचं नूतनीकरण झालं नाही, तर महिन्याभरात घर गुंडाळून निघावं लागणार, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. चाचा उत्तरले, "पुढच्या महिन्यात."

दुसऱ्या दिवशी चाचांनी एक कोरा कागद मापानं कापला आणि गोंद लावून त्या पानावर चिकटवला. शाई खोडरबरानं जात नाही ना! वर नवीन वंशावळ लिहिली: बाबामियाँ, व्यापारी, एकुलते एक. माझी नक्कल टाइप करणारी त्यांची मुलगी आफिया बघतच राहिली. "बट अब्बा, दॅट वॉज इन इंक. तुम्हीच रूल केला होता."

"तू टाइप कर."

कुंपणानंच शेत खाल्लं, तिथे दाद कुणाकडे मागणार? भीती मला कळते. पण पेन्सिलीनंही लिहायच्या लायकीचं नव्हतं, ते त्यांनी माझ्यावर शाईनं लिहिलं. ते मी माफ करू शकत नाही.

प्रकाशन एगैलाच्या एका हॉलमध्ये झालं. मला टेबलावर शोभेला ठेवलं होतं, बंद. मुबीन वफ्राहून दोन बस बदलून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. छापील पुस्तकाचं पान न् पान त्यानं बोट फिरवत वाचलं. मग चाचांजवळ आला. "चाचा, तुमी तर शाईनं लिवलेलात."

"छापताना राहिलं रे. पुढच्या वेळी घेऊ," चाचा बिर्याणीच्या रांगेकडे बघत बोलले.

मुबीननं पुस्तक जागेवर ठेवलं आणि न जेवता निघून गेला.

ऑगस्टात एका सकाळी चाचांचा फोन वाजला. वफ्राच्या मळ्यातला मुकादम होता. "मुबीन धूप में काम करते करते गुजर गया. उसके मोबाईल में आपका नंबर मिला. आज असर के बाद दफन है. गाँव का कोई आएगा?"

चाचांनी साबीरभाईंना फोन लावला. मयतीला मंडळ गाड्या काढतं. पलीकडचा प्रश्न मला कपाटातही ऐकू आला. "पुस्तकात नाव हाय काय त्याचं?"

चाचांनी कपाटाकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "नाय."

असमाचाची दारात उभी होती. "तुमी एकले तरी जावा."

"गुडघा दुखतो," असं म्हणून चाचा भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली. ते उठले, घरातच नमाज पढले आणि पुन्हा पडले. मातीला या वेळी तीन बांगलादेशीच होते की कमी, ते मला कुणी सांगितलं नाही.

हे ऐकणाऱ्या माणसा, मला तुझी कीव नको. एक काम कर. चाचांच्या घरी आलास तर कपाट उघड, चिकटवलेला कागद ओल्या फडक्यानं भिजव आणि हळूच सोडव. खाली मुबीनचं नाव शाबूत आहे. तिथे तो अजून जिवंत आहे, कारण त्याच्या मृत्यूचा रकाना कुणी भरलेला नाही. तेवढी तारीख लिही. शाईनं लिही. पहिली साक्ष मुकादमाची, दुसरी मी देते.