तापलेलं तेल

मानसिंग मिस्त्रीने ट्रॅक्टरचा नांगर तीनदा वर उचलून दाखवला आणि तीनदा खाली टेकवला. बांधावर उभी राहून सारजाबाई ते बघत होती.

"बगा बाई," तो म्हणाला, "ह्यो दांडा वढला की नांगर वर. तुमच्या लेकीच्या जागेजवळ आलो की उचलीन आन् बाजूनं वळंन. तिथली माती बी हलायची न्हाई."

सारजाबाई धनगराची. तिचं घर वेल्ह्याच्या डोंगरात, वर वाडीवर. उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा म्हादू शेळ्या घेऊन खाली वरव्याच्या माळावर उतरत. दोन वर्षांमागे, पंचावन्न सालच्या चैत्रात, त्यांची तीन वर्षांची ठकू तापाने फणफणली. तिला पाठीवर घेऊन म्हादू भोरच्या दवाखान्याकडे निघाला, पण कापूरहोळच्या फाट्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. माघारी येऊन त्याने याच माळाच्या कोपऱ्यात, बोरीच्या खाली, पोरीला मूठमाती दिली आणि वर चार दगड मांडले.

माळ कुंडलिक पाटलांचा. यंदा त्यांनी तो मोडून भुईमुगाखाली आणायचा ठरवला होता, आणि त्यासाठी बाहेरून एक जुना विलायती ट्रॅक्टर आणला होता. म्हादूने येऊन हात जोडले, तेव्हा पाटील लगेच म्हणाले, "अरं, लेकराची जागा हाये. तिला कोण हात लावतंय? मिस्त्री, कोपरा सोडा." तरीही सारजाबाईचा जीव राहिना. नांगरट चालू आहे तोवर आपण तिथं बसणार, असं तिने म्हादूला सांगितलं, आणि ती भाकरी बांधून आली.

मानसिंग भोरचा. लढाईच्या काळात पलटणीच्या कारखान्यात गाड्या दुरुस्त करायला शिकला होता, आणि या टापूत ट्रॅक्टरचं काम जाणणारा तोच एकटा होता. या ट्रॅक्टरची एक खोड त्याला आदल्या दिवशीच कळली होती. मागचे दोन लोखंडी हात, ज्यांना नांगर जोडलेला असतो, ते तेलाच्या दाबावर वर उचलले जात. दुपारनंतर ते थरथरायला लागले. दांडा ओढला की नांगर अर्धा वर यायचा, क्षणभर लोंबकळायचा आणि पुन्हा खाली बसायचा.

संध्याकाळी त्याने तेल बघितलं. कमी होतं, आणि दुधासारखं पांढुरकं झालेलं, म्हणजे आत पाणी गेलेलं. ते सगळं त्याने काढून टाकलं. पंपाची जाळी काढली, तर तिच्यात चिंधीचे धागे आणि लोखंडाचा कीस अडकलेला. जाळी रॉकेलमध्ये धुतली, नवं तेल भरलं. सकाळी इंजिन चालू केलं, नांगर उचलला, इंजिन बंद केलं आणि विडी पेटवून बघत बसला. विडी संपून गेली तरी नांगर बोटभरही खाली आला नाही. रोग सापडला, असं त्याला वाटलं. मग त्याने सारजाबाईला तीनदा नांगर उचलून दाखवला.

पलटणीतल्या उस्तादाने त्याला एक गोष्ट शिकवली होती. दुखणं ज्या वेळेला उठतं, त्याच वेळेला तपासायचं. हे दुखणं तापल्या तेलावर उठत होतं, आणि त्याने तपासलं थंड तेलावर. त्या सकाळी हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुपारपर्यंत काम छान झालं. ऊन मात्र असं होतं की ट्रॅक्टरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. नांगर दर तासाच्या, म्हणजे नांगरलेल्या ओळीच्या, टोकाला मुकाट्याने वर येत होता आणि वळून झालं की खाली जात होता. सकाळपासून शंभरदा तेच केल्यावर मानसिंगने मागे वळून बघायचंही सोडून दिलं होतं. सारजाबाई बोरीच्या सावलीला बसली होती. तिने एकदा त्याला पाणी नेऊन दिलं.

"दादा, किती ऱ्हायलं?"

"आता तुमच्याच कोपऱ्याचं. दोन तासं वढली की झालं."

तो उताराने कोपऱ्याकडे आला. दगडांच्या अलीकडे त्याने दांडा ओढला आणि डावीकडे वळण घेतलं. नांगर उचलला गेलाच नाही. ट्रॅक्टर वळला तसा मागचा नांगर, जमिनीत रुतलेलाच, उजवीकडे फेकला गेला. सारजाबाई ओरडली. इंजिनाच्या आवाजात ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही, पण आवाज ऐकून त्याने ब्रेकवर पाय दाबला. उतारावर ट्रॅक्टर आणखी दोन हात सरकला आणि थांबला.

मागे बघितलं तर दोन दगड कलंडले होते, आणि नांगराचा फाळ त्यांच्या मधोमध होता.

त्याने दांडा पुन्हा ओढला. इंजिनाला जोर दिला. लोखंडी हात थोडे थरथरले, पंप घरघरला आणि नांगर तसाच राहिला.

"उचला की वो दादा," सारजाबाई म्हणाली. ती जवळ आली होती. "उचला ना. सकाळी उचलला व्हता."

"उचलंना बाई."

"म्या बगितलं की सकाळी! तीनदा उचलला तुमी!"

इंजिन बंद करून तो खाली उडी मारून उतरला, मागे जाऊन पिना काढल्या आणि नांगर ट्रॅक्टरपासून सोडवला. मग दोन्ही हातांनी उचलून बघितला. एकट्याला हलेना. सारजाबाईने दुसऱ्या बाजूने हात घातला, तरी हलेना. तिने शेळ्यांकडे गेलेल्या म्हादूला हाक मारली. तो पळत आला, उभा राहिला, आणि काय झालं ते कुणी न सांगता त्याला कळलं. तो मानसिंगच्या समोर वाकला आणि दोघांनी मिळून नांगर उचलून बाजूला ठेवला.

फाळाला मातीबरोबर लुगड्याची जुनी चिंधी लागून आली होती. सारजाबाईने लेकीला आपल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. ती खाली बसली आणि हाताने माती गोळा करायला लागली. मानसिंग मदतीला वाकला तसा म्हादूने त्याचा दंड धरला. रागाने नव्हे.

"ऱ्हाऊ द्या मिस्त्री. ते आमी करतो."

पाटील आले, डोक्यावरचं पागोटं काढून उभे राहिले. "म्हादू, परत हितंच ठेव. म्या चौथरा बांधून देतो."

"न्हाई पाटील," म्हादू म्हणाला. "हितं न्हाई आता. वर न्हेतो."

त्याने घोंगडं पसरलं. जे होतं ते दोघांनी त्यात घेतलं, आणि खालची ओंजळभर मातीही घेतली. नवराबायको शेळ्या हाकत तिसऱ्या प्रहरी डोंगराच्या वाटेला लागली. घोंगडं सारजाबाईने छातीशी धरलं होतं, म्हादूला दिलं नाही.

मानसिंगने त्या दिवशी ट्रॅक्टर तिथंच खोलला. नांगराचे हात तेलाच्या दाबाने वर ढकलणाऱ्या पिस्टनच्या कड्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. तेल थंड आणि घट्ट असलं की त्या दाब धरत. तेल तापून पातळ झालं की ते कडेने निसटून जाई. नव्या कड्या पुण्याहून आठ दिवसांत आल्या. त्याने त्या बसवल्या आणि भर दुपारी, ट्रॅक्टर चार तास चालवून, तापल्यावर तपासल्या. नांगर तासभर वर राहिला. पाटलांनी शाबासकी दिली, ती त्याने ऐकून घेतली.

महिन्याभराने तो वेल्ह्याच्या डोंगरात चढून वाडीवर गेला. म्हादू दारात दोरी वळत होता. त्याने मानसिंगला बसायला घोंगडी टाकली, ताक दिलं.

"माजी चूक व्हती, म्हादबा. म्या नीट तपासलं न्हाई."

म्हादूने दोरीला आणखी एक पीळ दिला. "व्हय," तो म्हणाला. एवढंच.

मग त्याने मानसिंगला गोठ्यामागे नेऊन नवी जागा दाखवली. सारजाबाई तिथंच होती, शेणाने सारवत. तिने मान वर केली, मानसिंगला ओळखलं, पदर सावरला आणि पुन्हा सारवायला लागली.