पिवळ्या मुठीची पक्कड

बॅटरीची वायर सोडवताना वायरमनला हसू आलं. पत्र्याच्या शेडमध्ये तो एकटाच होता, हिरव्या मोटारीच्या उघड्या बॉनेटखाली वाकलेला.

उलटं जोडलं होतं. धन टोक गाडीच्या सांगाड्याला आणि ऋण टोक आत जाणाऱ्या वायरीला. सांगाड्याला नेहमी ऋण जोडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तो तर वीज कंपनीत चौतीस वर्षं खांबांवर चढलेला माणूस.

"आधीच्या मालकाला अक्कल नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि ही ब्याद आमच्या हिच्या गळ्यात मारली."

त्याने वायरींची अदलाबदल केली. एक कडी टोकावर बसेना, तर दुसरी ढिली पडली. बसत नव्हती ती त्याने पेचकसाने फाकवली. ढिलीत तांब्याची पट्टी कोंबली आणि आपल्या पिवळ्या मुठीच्या पकडीने ती आवळली. काम स्वच्छ झालं होतं. मग गाडीचं बुटकं दार ओलांडून तो आत बसला, चोक ओढला आणि चावी फिरवून बटण दाबलं.

इंजिन फिरलं, एकदा खोकलं, आणि ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालून धुराची एक बारीक रेघ वर आली. जळक्या प्लास्टिकचा वास शेडभर पसरला. त्याने चावी काढली. इतक्यात फाटकाची कडी वाजली. सिस्टर डोळे तपासून परत आली होती. वायरमनने बॉनेट खाली दाबलं आणि हात पँटला पुसत तो मागच्या दाराने घरात शिरला.

सिस्टर म्हणजे त्याची बायको. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिने अठ्ठावीस वर्षं काढली, तेव्हापासून अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि त्याला वायरमन. निवृत्तीनंतर तिने कुणालाही न विचारता ही गाडी आणली. जुनी, विलायती, दोन सीटांची. छप्पर कापडाचं, आणि दारांना बाहेरून मूठच नाही. आत हात घालून दोरी ओढली की दार उघडायचं. रोज सकाळी ती चष्मा लावून गाडीचं जाडजूड पुस्तक वाचायची आणि पेन्सिलीने खुणा करायची. बाकावर पांढरं फडकं अंथरून त्यावर तिची हत्यारं लहानमोठ्या क्रमाने मांडलेली असायची. काम सुरू करताना मोजायची, संपल्यावर पुन्हा मोजायची.

"पाने आहेत ते, पळून जातायत का?" तो एकदा म्हणाला होता.

"आकडा जुळल्याशिवाय टाका घालायचा नाही," ती म्हणाली होती. "पोटात कात्री राहिली तर पेशंट तक्रार करायलाही उरत नाही."

पंधरा दिवसांपूर्वी तिने विचारलं होतं, "महिनाअखेरच्या रविवारी धरणापर्यंत जाऊन यायचं म्हणते. येता?"

"त्या डबड्यात? मी नाही बुवा. ढकलायला माणूस लागला तर भाड्याने बघ."

"बरं," ती म्हणाली होती.

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. तिच्या जुन्या मेट्रनला फोन करून "रविवारी मोकळ्या आहात का?" एवढं मात्र विचारलं. ते 'बरं' वायरमनच्या दातात अडकलेल्या तुसासारखं टोचत राहिलं. बोललेला शब्द मागे घ्यायची त्याला सवय नव्हती. हाताने करण्यासारखं काही असेल तर ते त्याला जमायचं. गाडी पहिल्या दमात सुरू झाली असती, तिने कौतुकाने विचारलं असतं, आणि मग तो म्हणाला असता, चल, बघू तरी कशी चालते ते.

त्याऐवजी आता धूर निघाला होता.

गुरुवारी सकाळी सिस्टरने बटण दाबलं. इंजिन नुसतंच फिरत राहिलं. तिने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं, बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या आणि मिस्त्रीकाकांना फोन लावला. वायरमन खिडकीशी वर्तमानपत्र धरून उभा होता. एकच ओळ तो चौथ्यांदा वाचत होता.

"शनिवारी येतो म्हणाले," तिने आत येऊन सांगितलं. "मेट्रनबाईंना कळवते, रविवारचं काही खरं नाही."

"काय झालं असेल?" त्याने विचारलं.

"बघू."

दुपारी ती झोपल्यावर त्याने ते जाडजूड पुस्तक उघडलं. बॅटरीचं पान सापडायला वेळ लागला नाही. चौकटीत ठळक छापलं होतं: या गाडीत धन टोक सांगाड्याला जोडलेलं असतं, ते बदलू नये. खाली तिची पेन्सिलीची दुहेरी रेघ होती. वायरमनने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडून वाचलं, पुन्हा मिटलं.

मग त्याला पक्कड आठवली.

ती त्याच्या पिशवीत नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळालेली, पिवळ्या मुठीची, तिच्यावर त्याच्या दातांच्या खुणासुद्धा होत्या, कारण खांबावर दोन्ही हात अडकले की ती तोंडात धरावी लागे. त्याने माळा पाहिला, जिन्याखालचं खोकं पाहिलं, मीटरच्या पेटीमागे हात घातला. एव्हाना ती उठून मागच्या दारात बसली होती; शेडमध्ये जायचं म्हणजे तिच्यासमोरून जायचं. तिला विचारावं, तर ती म्हणणार, शेवटची कुठे वापरली होतीत? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. शुक्रवारभर तो या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिला. न बिघडलेला दिवा काढून त्याने पुन्हा लावला. बसला की उठायचा, उठला की कशाला उठलो ते विसरायचा.

"पायाला भिंगरी लागलीय का?" सिस्टर शेंगा सोलता सोलता म्हणाली. "काही शोधताय?"

"नाही. कुठे काय."

"बरं."

शनिवारी मिस्त्रीकाका आले. सत्तरीचे, बुटके, आणि जिभेला हाड नसलेले. अशा गाड्या दुरुस्त करणारं शहरात दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. वायरमन चहा घेऊन शेडमध्ये गेला तेव्हा काका डिस्ट्रिब्युटरचं टोपण हातात घेऊन हुंगत होते.

"आतला इलेक्ट्रॉनिक भाग भाजलाय. वांग्यासारखा," काका म्हणाले. मग ते बॅटरीकडे वळले. "आणि या कड्या बघा. ही फाकवलीय, हिच्यात पट्टी कोंबलीय. उलटं जोडण्यासाठी एवढी मेहनत? टोकं मुद्दाम लहानमोठी केलेली असतात, सिस्टर. गाढवालाही चुकता येऊ नये म्हणून. कुणाचं हे कर्तृत्व?"

वायरमनने हातातला चहाचा ट्रे उगाच सरळ केला.

"माझंच," सिस्टर म्हणाली. "घाईत झालं."

"तुमचं? अहो, थिएटरमध्ये अशी घाई केली असतीत तर माणूस वर पोचला असता! पुस्तक कशाला दिलं होतं मी? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा."

ती मान खाली घालून ऐकत होती. अठ्ठावीस वर्षं मोठमोठ्या डॉक्टरांचं ऐकताना जशी उभी राहत असेल तशी. वायरमनने ट्रे बाकावर ठेवायला म्हणून जागा पाहिली. पांढऱ्या फडक्यावर हत्यारं ओळीने मांडलेली होती. सगळ्यांत शेवटी, क्रमाप्रमाणे नीट, पिवळ्या मुठीची पक्कड होती.

त्याने ट्रे पकडीशेजारी टेकवला.

"तिला बोलू नका," तो म्हणाला. "ते मी केलं. मला वाटलं, आधीच्याने चुकवलंय. म्हणून दुरुस्त केलं."

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि चहाचा कप उचलला. "अजबच कारभार आहे बुवा तुमच्या घरात," ते पुटपुटले. "चूक एक, आणि दावेदार दोन."

"तुला ठाऊक होतं?" वायरमनने विचारलं.

"अकरा हत्यारं ठेवून डोळे तपासायला गेले होते," सिस्टर म्हणाली. "आल्यावर बारा निघाली."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी रक्त थांबवायचं. चूक कोणाची, ते नंतर. थिएटरमध्ये तशीच पद्धत होती." ती काकांकडे वळली. "उद्यापर्यंत गाडी चालू होईल का?"

जुन्या मालकाने एका डबीत मूळचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे धातूचे तुकडे, जपून ठेवले होते. इलेक्ट्रॉनिक भाग बसवण्याआधी गाडी त्यांच्यावरच चालायची. काकांनी ते बसवले, पण त्यांच्यातली केसभर फट मोजायची पट्टी डोळ्यांशी नेऊन ते वैतागले. मोतीबिंदू पिकायला आला होता. त्यांनी पट्टी मुकाट्याने वायरमनपुढे धरली. तो वाकला. फट जुळवायला त्याला वीस मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ त्याचा हात हलला नाही. बॅटरीच्या कड्या मात्र काकांनी स्वतः जोडल्या. "हे तुमच्याकडे नको," ते म्हणाले.

रविवारी सकाळी गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. शेड थरथरलं. सिस्टरने चोक थोडा आत ढकलला, कान देऊन ऐकलं, आणखी थोडा ढकलला. गाडी हळूहळू फाटकापर्यंत आली आणि थांबली. वायरमन फाटक उघडून धरून उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तो का घातला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मेट्रनबाई कुठे भेटणार?" त्याने इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं.

"गुरुवारी नाही म्हणून कळवलं. परत बोलावलं नाही."

ती समोर रस्त्याकडे पाहत होती. मग न वळताच तिने डावा हात लांब केला आणि पलीकडच्या दाराची दोरी ओढली. दार चार बोटं उघडलं.

वायरमनने फाटक सोडलं. ते त्याच्या मागे करकरत भिंतीला टेकलं. तो दारापर्यंत आला, आणि थबकला.

"थांब जरा. वाटेत काही झालं तर... पक्कड घेतो."

"मागे पिशवीत आहे," सिस्टर म्हणाली. "मोजूनच घेतलीत. बारा."