दादाच्या खिशातली गोगलगाय

मी बोलतेय, इथून, धक्क्याजवळच्या खडकावरून. जरा खाली वाका. वाटाण्याएवढी काळपट गोगलगाय दिसेल, ती मीच.

मी समुद्राची, पण समुद्रात राहत नाही. भरतीची शेवटची लाट जिथे दमून मागे फिरते, तिथल्या फटीत आमचा गोतावळा. खडकावरचं हिरवं खरवडून खायचं आणि ऊन तापलं की दार लावून घ्यायचं. हो, मला दार आहे, पातळ, नखासारखं. आत एक थेंब समुद्र उरतो. तेवढ्यावर मी कितीतरी दिवस स्वप्नं बघत पडून राहते.

एकदा चुकून एका नावेच्या बुडाला चिकटले. नाव खरवडायला दोघे भाऊ आले. थोरला, म्हणजे दादा, आम्हाला खरवडायच्या पत्र्याखाली चिरडत नसे. उचलून सदऱ्याच्या खिशात टाकी आणि घरी जाताना खडकावर सोडी.

धाकटा हसायचा. "दादा, भाडं देतात का रे या?"

"तुझ्यापेक्षा गप्प बसतात, तेवढं पुरे."

त्या दिवशी त्याने मला खिशात टाकलं, नाव पाण्यात लोटली आणि तिच्या पंख्यात दोर अडकला. दादाने सदरा काढून खुंटीला टांगला आणि पाण्यात उडी मारली.

सदरा घरी आला. दादा नाही.

खिशाच्या काळोखात मी दार लावून पडले होते. किती दिवसांनी कोण जाणे, धाकट्याची बोटं आत आली. त्याने मला समुद्राच्या पाण्याच्या बरणीत सोडलं. मी दार उघडलं, तशी त्याच्या तोंडून हाक निघाली, "वहिनी! दादाची ही जिवंत आहे गं!"

पण मला काठ हवा होता; सतत पाण्याखाली मी गुदमरते. मी काचेवरून वर चढले. त्याने बोटाने खाली ढकललं. "पाण्यात राहा गं, मरशील." पुन्हा चढले, पुन्हा ढकललं. तिसऱ्या दिवशी माझी पकड सुटू लागली.

वहिनी दारातून बघत होती. हळूच म्हणाली, "भाऊजी, ती वर येतेय. येऊ द्या ना तिला."

त्याचं बोट हवेतच थांबलं. मग बरणी छातीशी धरून तो असा रडला, की आतलं पाणी हिंदकळून लाटा आल्या. त्या लाटांवर मी पार काठापर्यंत गेले.

दादाचा सदरा घालूनच त्याने मला इथे आणून सोडलं. आता नावा तोच खरवडतो, आणि संध्याकाळी खडकापाशी खिसा रिकामा करतो.

तो वाकला की मी त्याला सांगते, मला चेहरे कळत नाहीत, बाळा. वास तेवढा कळतो. मीठ, डांबर आणि तुझ्या दादाचा घाम. वहिनी सदरा धुवायला मागेल. एवढ्यात देऊ नकोस.

ऊन चढलं. दार लावते.