इलियासनं काय उचललं

रुखसाना चिपळूणची, मी साताऱ्याची. अमेरिकेत, पार्सिपनीत, आमची घरं शेजारी-शेजारी. तिची मराठी माझ्याहून गोड, आणि माझ्या आजारपणात महिनाभर तिनंच डबा दिलेला. अशा बाईचा हेवा करू नये, हे मलाही कळतं. पण जळायचं ते जळतंच.

तिच्या मुलानं कोरियन मुलगी केली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, बुडाले हिचे सणवार. झालं उलटंच! नातू सात दिवसांचा होताच अकीका: जावळ काढलं, केसांच्या वजनाइतकी चांदी दान केली. ईदेला सून शीरखुर्मा ढवळतेय, कोरियन नववर्षाला रुखसाना त्यांचं तांदळाच्या कापांचं सूप भुरकतेय. आणि आता इलियासचा पहिला वाढदिवस, तोही कोरियन पद्धतीनं.

आणि माझ्याकडे? नातवाचं, वीरचं, जावळ काढायचं म्हटलं तर माझा निमिष म्हणाला, "आई, फोटोत कसा दिसेल तो!" उष्टावणाला बाळापुढे पुस्तक, सोनं, हत्यार मांडायची केवढी हौस होती मला. तर सूनबाईंची, हिमानीची, मीटिंग. वीर आता पाच वर्षांचा आहे.

वाढदिवसाला आम्ही सगळे गेलो. इलियासला रेशमी झगा, डोक्यावर काळी टोपी. टेबलावर दोरा, तांदूळ, पुस्तक आणि रुखसानानं हौसेनं ठेवलेली तिची तसबीची माळ. बाळ उचलेल तसं त्याचं पुढे होणार.

"आमच्या उष्टावणात हेच तर असतं," मी म्हटलं.

"हो का गं? मग वीरनं काय उचललेलं?"

मी तांदळाची वडी तोंडात कोंबली.

इलियासनं दोरा उचलला. दीर्घायुष्य! टाळ्या पडल्या. रुखसाना आणि तिची कोरियन विहीण एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझ्या पोटात दुखायचं ते दुखलंच.

तेवढ्यात वीरनं निमिषची बाही ओढली. "डॅड, व्हॉट डिड आय पिक?"

निमिषनं हिमानीकडे बघितलं. हिमानीनं फोनकडे. मग वीर माझ्याकडे वळला. "आजी?"

पुस्तक म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं होतं, आणि निमिष समोरच उभा होता.

"तुझं कॅन्सल केलं, बाळा."

मी बोलले ते निमिषला लागावं म्हणून. पण माझ्या त्या मराठी वाक्यातला एक शब्द वीरला नीट कळला, आणि ओठ थरथरला तो त्याचा.