तीन सेकंदांचा देव, चार मिनिटांचा भाऊ

साहेब, पहिलं कुलूप तुम्ही दिलंत.

तुमचं नाव लिहीत नाही. तुमची खुर्ची कुठली, ते कर्जतपासून खालापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कशेळ्याच्या मंडपात, बाजाराच्या दिवशी, हजारभर माणसांसमोर तुम्ही आपल्या कपाटाचं पितळी कुलूप बाबाच्या हातात ठेवलंत आणि वाकलात. बाबानं त्यावर भगवी शाल टाकली. चेल्यांनी झांजा बडवल्या. बाबानं फुंकर मारली आणि कुलूप उघडलं. किल्ली तुमच्या खिशात होती. ती तुम्ही वर धरून लोकांना दाखवलीत. लोक म्हणाले, साहेब खोटं कशाला बोलतील?

त्याचा व्हिडिओ माझ्या बहिणीच्या मोबाइलवर आला.

हर्षला माझी धाकटी बहीण. मोहोपाड्याला दिलेली, नवरा किशोर केमिकल कंपनीत. तिला नवव्या वर्षापासून फिट यायची. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेतली की काही नाही. चार वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. पण गोळीचा तिला वीट आला होता. "दादा, एकदा चल माझ्यासंगं," म्हणाली. मी कर्जतच्या बाजारात टपरी टाकून किल्ल्या बनवतो, अडलेली कुलपं उघडतो. म्हटलं, चला, आपल्याच धंद्यातला देव आहे, बघून येऊ.

बाबाचा नियम असा, की घराच्या दाराचं कुलूप आणायचं. ते उघडलं, की त्या घरातलं दुखणं सुटलं.

"कुलूप म्हणजे काय?" बाबा माइकवर विचारत होता. "अडलेलं कर्म. किल्ली कुठं? वर. मी कोण? मी नुसता वारा." वाऱ्याला बसायला गादी होती, दोन्ही बाजूंना पंखे होते आणि अंगावर एवढ्या उन्हाळ्यात जाड शाल होती.

आमच्या पुढं ठकूबाई नावाची म्हातारी होती, डोंगराकडच्या वाडीतली. तिचं कुलूप लोखंडी, जुनं, लिव्हरचं. बाबानं ते हातात फिरवलं, भोकाकडं एकदा बघितलं आणि डोळे मिटले. "हे पितरांनी धरलंय. राग आहे. नवं पितळी घेऊन ये."

"माझा ल्योक सोमा गेला तवापासून हेच कुलूप हाय, बाबा."

"त्याचाच राग आहे."

म्हातारी पदर तोंडाला लावून उतरली. मी हर्षलाच्या कानात म्हणालो, "पितरांचा राग लिव्हरच्याच कुलपावर कसा गं येतो?"

"गप रं," ती म्हणाली.

तिचं कुलूप नवं होतं, पाच पिनांचं. शाल पडली, झांजा वाजल्या, फुंकर. तीन सेकंद. पण झांजांच्या मधल्या फटीतून मला ऐकू आलं, टक, टक, टक. तो आवाज मी ओळखला.

"बाई, तुझ्या डोक्याचं कुलूप निघालं," बाबा म्हणाला. "आता गोळी घेशील, तर आपल्या हातानं परत लावशील."

साहेब, त्या दिवशीही तुम्ही मंचावर होतात, बाबापासून दोन हातांवर. हे वाक्य तुम्ही ऐकलंत आणि मान डोलावलीत.

घरी आल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात फतकल मारून बसलो. तेच कुलूप घेतलं. वाकवलेली पट्टी भोकात घालून हलका ताण ठेवला आणि बारीक आकड्यानं एकेक पिन उचलत गेलो. प्रत्येक पिनेच्या वर स्प्रिंग असते, ती पिनेला खाली दाबते. पिन बरोबर उंचीला आली की बोटाला कळतं. पाचही बसल्या की कुलूप फिरतं. त्यात देव नाही, बोटं आहेत. हर्षला मोबाइलवर वेळ मोजत होती.

"चार मिनिटं, दादा."

"हो."

"त्याला तीन सेकंद. मंग मोठा कोन?"

"त्याच्याकडं गन हाय, हर्षे. पिस्तुलासारखं मशीन."

"तू बघितलीस?"

मी म्हणालो, "नाय."

खोटं बोललो. बघितली होती. शिमग्याच्या आधी पांढऱ्या सदऱ्यातला एक सभ्य माणूस ती गन घेऊन टपरीवर आला होता. स्प्रिंग तुटली होती. आमच्या धंद्यात माझ्या बापानं घालून दिलेला नियम आहे: मालक समोर आणि शेजारी साक्षीला असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. तो मी आजवर मोडला नाही. पण गनला कुठं शेजारी असतो? मी विचारलं नाही. पिवळ्या तारेची स्प्रिंग बसवली, माझ्याच कुलपावर चालवून बघितली आणि म्हणालो, "झक्कास चालते."

हे बहिणीला सांगायची लाज वाटली. सांगितलं असतं, तर ती दहा वर्षं मला हसली असती. हसायला असती.

"तू जळतोस, दादा," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

अकराव्या दिवशी दुपारी किशोरचा फोन आला. पाण्याच्या पिंपापाशी पडली होती. एक फिट थांबायच्या आत दुसरी. टेंपोत घालून पनवेलला नेलं; मीही तिथं पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?" किशोरनं माझ्याकडं बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. फडताळात मसाल्याच्या डब्यामागं दोन पाकिटं सापडली. भरलेली.

पुढच्या बाजाराला मी तेच कुलूप घेऊन रांगेत उभा राहिलो. शाल पडली, झांजा सुरू झाल्या, आणि मी शाल ओढली.

बाबाच्या उजव्या हातात गन, डाव्या करंगळीला वाकवलेली पट्टी. झांजा थांबल्या. चेल्यांनी मला मारलं. दोन दात गेले. पण हिसकावलेली गन माझ्या हातात राहिली, आणि लोकांनीच मग चेल्यांना मागं रेटलं.

मी माइक घेतला. "बघा. हिची सुई सगळ्या पिनांना एकदम खालून ठोकते. पिना उडतात. त्या हवेत असतात तेवढ्यात करंगळीनं फिरवायचं. टकटक ऐकू येऊ नये म्हणून झांजा. हात दिसू नये म्हणून शाल. लिव्हरच्या कुलपात उडायला पिनाच नसतात, पत्रे असतात. तिथं ही चालत नाही, म्हणून पितर." मग गन उघडून दाखवली. "आणि ही पिवळी स्प्रिंग मी बसवलेली आहे. माझ्या बहिणीला मारायला मीच हातभार लावला."

ठकूबाई गर्दीतून पुढं आली. पिशवीत तेच लोखंडी कुलूप होतं.

"मंग माझा सोमा रागावला नव्हता?"

"नाय आजी. कुलूप गंजलंय."

तेलाचे दोन थेंब टाकले, तार वाकवली. दहा मिनिटं लागली. एवढा वेळ हजार माणसं उभी राहिली. कुलूप निघालं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. म्हातारी खाली बसली. "दोन आठवडं उपास केलं रं त्याच्या नावानं," म्हणाली, आणि कुलूप मांडीवर घेऊन रडत राहिली.

लोकहो, कुणी तीन सेकंदांत काही करून दाखवलं, तर आधी म्हणा, शाल काढ. हात दाखव. जो खरा आहे, तो दाखवील. आणि गोळी बंद करायची का, हे गोळी देणाऱ्यालाच विचारा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. माझ्या घरात तेवढं झालं नाही.

साहेब, बाबा दुसऱ्या तालुक्यात गेला असं ऐकतो. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्हींवर तुमच्या कचेरीचा एकच शेरा: मृत्यू आजाराने, कारवाईची गरज नाही. माझा गुन्हा मी हजार लोकांसमोर कबूल केला आणि इथं पुन्हा लिहिला. गोळी सोडायला सांगितलं तेव्हा मी दहा हातांवर होतो, तुम्ही दोन हातांवर. माझं ती ऐकत नव्हती. तुमचं ऐकलं असतं.

का गप्प बसलात? उत्तर द्या. लेखी द्या.